चोरी नाही, ‘गहाळ’

रात्री पावणेबाराला आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक व्हॉइस नोट आली. आवाज कुणाचा ते कळत नव्हतं, पण बोलणाऱ्याला धाप लागली होती. ‘सगळ्यांनी जागे राहा, चार-पाच जण फिरताहेत, अंगाला तेल लावलंय, हातात कटर आहे.’ कुठे फिरताहेत ते सांगितलेलं नव्हतं. पुढच्या दहा मिनिटांत तीच नोट मला आणखी तीन ग्रुपांवरून आली, त्यातला एक तर सुरतला राहणाऱ्या नातेवाइकांचा. त्या रात्री आमच्या लोणखेड्यात कितीतरी घरांचे ओट्यावरचे दिवे सकाळपर्यंत जळत होते.

सकाळी गल्लीतली सहा-सात पोरं ‘जरा विचारपूस करून येऊ’ म्हणत निघाली. रस्त्याच्या कडेला दोन पालं पडली होती, तिकडे. मीही गेलो. थांबवायला गेलो होतो असं आता सांगायला बरं वाटतं, पण खरं म्हणजे सगळे निघाले म्हणून निघालो. घिसाड्याचं कुटुंब होतं. म्हातारा भाता चालवत होता, बाई घण मारत होती, समोर विळे-कोयत्यांची पाती पडलेली. आमच्यातल्या एकाने आधार कार्ड मागितलं. म्हाताऱ्याने एका शब्दाने विचारलं नाही की, बाबा तू कोण कार्ड बघणारा? त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून सगळ्यांची कार्डं काढली आणि पत्त्यांसारखी पसरून दाखवली. ‘दोन दिवसांत जागा मोकळी करा’ असं सांगून आम्ही परतलो. दोन दिवस लागलेच नाहीत, संध्याकाळी तिथे फक्त राख आणि कोळसे होते. ग्रुपवर बरेच अंगठे उगवले.

त्या रात्री मी ग्रुपवर साधा प्रश्न टाकला. आपल्या लोणखेड्यात या वर्षी चोऱ्या किती झाल्या? कुणी आकडा सांगू शकतं का?

‘खूप वाढल्यात’, एक जण. ‘रोजच चालू आहे’, दुसरा. ‘बाहेरचे लोक वाढले ना’, तिसरा. आकडा कुणाकडेच नव्हता. ज्याच्या जोरावर आम्ही सकाळी एका म्हाताऱ्याची चूल विझवली, ती गोष्ट आमच्यापैकी कुणी कधी मोजलीच नव्हती.

आता कुणी म्हणेल, मोजायचं काम पोलिसांचं. बरोबर आहे. ‘गुन्हेगारी वाढली’ हे ग्रुपचं पालुपद असतं तसं ‘गुन्ह्यांमध्ये घट’ हे जागोजागच्या सरकारी प्रेसनोटांचं पालुपद असतं. माझं भांडण दोघांशी आहे. ग्रुपवाले न मोजता बोलतात. आणि सरकारी आकडा जे मोजतो ते गुन्हे नसतातच. तो मोजतो लिहून घेतलेल्या तक्रारी. या दोन गोष्टींमध्ये किती अंतर आहे, ते मला माझ्या स्वतःच्या फोनने शिकवलं.

काही वर्षांपूर्वी मी कामासाठी एका मोठ्या शहरात होतो. बसमध्ये चढताना गर्दीत खिशातला फोन गेला. गेला म्हणजे काढला, मला हात जाणवला होता. मी तडक ठाण्यात गेलो. तिथल्या माणसाने पाणी दिलं, शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘काढताना बघितलं का कुणाला?’ नाही. ‘मग चोरी कशावरून? पडला असेल. सिम कार्ड पाहिजे ना नवीन? मग गहाळ लिहा, पाच मिनिटांत कागद मिळेल. चोरी लिहायची असेल तर बसावं लागेल, साहेब आल्यावर बघू.’ मला सिम पाहिजे होतं. मी माझ्या हाताने लिहिलं, ‘प्रवासात माझ्याकडून मोबाइल गहाळ झाला.’ माझ्याकडून! शिक्का बसला, मी आभार मानले आणि बाहेर आलो. त्या दिवशी त्या शहरात एक चोरी कमी झाली आणि ती कमी करण्यात माझा हात होता.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी किती जणांनी आयुष्यात असा ‘गहाळ’ अर्ज लिहिला आहे, ते स्वतःशी आठवून बघा. तुम्ही हे ज्यावर वाचताय तो फोनही कदाचित त्यानंतरचा असेल.

पोलिसी इंग्रजीत या प्रकाराला ‘बर्किंग’ म्हणतात. शब्दाची गोष्ट भीषण आहे. १८२८ साली एडिंबरामध्ये बर्क नावाचा एक माणूस साथीदाराबरोबर लोकांना गुदमरवून मारायचा आणि प्रेतं शरीरशास्त्र शिकवणाऱ्या डॉक्टरला विकायचा. अंगावर खूण राहू नये म्हणून गुदमरवायचं. पुढच्या वर्षी तो फासावर गेला, पण नाव राहिलं, खूण न ठेवता तक्रार गुदमरवण्याच्या कलेला. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानेही या दुखण्यावर बोट ठेवलं होतं. ठाण्याचं काम नोंदलेल्या आकड्यांवरून जोखलं, की आकडा कमी ठेवण्याचा सोपा मार्ग म्हणजे नोंदच न करणं. यात मला ठाण्यातल्या हवालदाराचा फार राग येत नाही. आकडा वाढला की वरचा माणूस त्यालाच विचारणार. त्याच्या जागी मी असतो तर मीही पाणी दिलं असतं आणि ‘गहाळ लिहा’ म्हणालो असतो.

कायदा मात्र स्पष्ट आहे. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं की, तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. नोंदवायचा की नाही, हा ठाणे अंमलदाराच्या मर्जीचा प्रश्न नाही.

यातला ‘दखलपात्र’ हा शब्द नीट धरून ठेवा, कारण खरी गंमत तिथे आहे. देशाचा गुन्ह्यांचा हिशोब ‘क्राइम इन इंडिया’ या अहवालात १९५३ पासून निघतो. आता तो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग म्हणजे एनसीआरबी काढते. पेपरात ‘अमुक टक्के वाढ’ म्हणून जे येतं ते बहुधा तिथलं. या अहवालात येतात ते दखलपात्र गुन्हे. अदखलपात्र तक्रारीची ठाण्यात ‘एनसी’ होते. म्हणजे वहीत नोंद होते, तुम्हाला एक कागद मिळतो आणि सांगतात की कोर्टात जा. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत.

आता १ जुलै २०२४ ची गोष्ट. त्या दिवशी भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. चॅनेलांवर राजद्रोहाची चर्चा झाली, कलमांचे नंबर बदलले म्हणून वकिलांचे विनोद झाले. एका ओळीवर मात्र आमच्याकडे कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. जुन्या कायद्यात साधी चोरी, मग ती पन्नास रुपयांची का असेना, दखलपात्र होती. नव्या व्यवस्थेत चोरीला गेलेल्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल तर साधी चोरी अदखलपात्र झाली. राहत्या घरातली चोरी, हिसकावून नेलेली वस्तू यांची कलमं वेगळी आहेत, ती अजून दखलपात्र आहेत. पण बाजारात खिशातून गेलेला जुना फोन, शेतातल्या मोटारीची कापून नेलेली वायर, कुंपणाबाहेर बांधलेलं बोकडाचं पिल्लू, या चोऱ्यांचा तपास आता पोलिसांनी आपणहून करायचा नाही आणि देशाच्या हिशोबातही त्या दिसायच्या नाहीत.

यामागचा युक्तिवाद मला माहीत आहे. किरकोळ चोरीसाठी माणूस तुरुंगात सडू नये. पहिल्यांदाच सापडलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी, अशी तरतूद तिथेच आहे आणि ती चांगली आहे. पण शिक्षा सौम्य करणं वेगळं आणि गुन्ह्याकडे पाठ फिरवणं वेगळं. किरकोळ कुणासाठी? पाच हजारांच्या आतला फोन कोण वापरतं? ऊसतोडीला जाणारं पोरगं, लोकांकडे भांडी घासणारी बाई, सुरतच्या मिलमध्ये जाणारा पावरा मजूर. त्याचे पैसे त्याच फोनवर येतात, त्याचा मुकादम त्याच फोनवर बोलावतो. त्याचा फोन जाणं म्हणजे आठवड्याची रोजी जाणं. ज्याचा साठ हजारांचा फोन गेला त्याची चोरी देशाच्या आकडेवारीत जाईल, मजुराची जाणार नाही. पुढे कुणी ‘चोऱ्यांमध्ये लक्षणीय घट’ असं छापलं, तर त्यातली किती घट चोरांनी केली आणि किती कायद्याच्या तक्त्याने, ते आधी विचारा.

आकड्याचे आणखी चमत्कार आहेत, ते भराभर सांगतो. एका एफआयआरमध्ये पाच गुन्हे असले तरी एनसीआरबी त्यातला सगळ्यात गंभीर एकच मोजते. म्हणजे घरात घुसून खून केला आणि दागिने नेले तर तिच्या हिशोबात एक खून. गुन्ह्यांचा दर काढतात लाख लोकसंख्येमागे, आणि लोकसंख्या म्हणजे २०११ च्या जनगणनेवरून केलेला अंदाज. आमच्या जिल्ह्यातली गावंच्या गावं दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातेत रिकामी होतात, तो अंदाज जानेवारीत कसा लावायचा? शिवाय एनसीआरबीचे आकडे राज्याचे, मोठ्या शहरांचे आणि जिल्ह्याचे असतात. शहाद्याला चिकटलेल्या लोणखेड्याचा वेगळा आकडा त्यात शोधून सापडणार नाही. अक्राणीतल्या पाड्यापासून नंदुरबारच्या स्टेशनपर्यंत सगळं ‘नंदुरबार’ या एकाच ओळीत. आणि लहान जागेचा आकडा मिळाला तरी टक्केवारीपासून सावध राहा. समजा एका गल्लीत गेल्या वर्षी दोन गाड्या गेल्या आणि यंदा चार. पेपरवाला लिहील ‘शंभर टक्के वाढ’. चूक नाही, पण त्यावरून चोरांची टोळी उतरली असा निष्कर्ष काढायला दोन गाड्या पुरत नाहीत.

दारूचं उदाहरण तर अभ्यासक्रमात लावण्यासारखं आहे. आमच्या एका अंगाला दारूबंदीचा गुजरात, दुसऱ्या अंगाला खेतियाच्या बाजूला मध्य प्रदेश. दारूची वाहतूक इथे कुणाला नवी नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालचे गुन्हे कधी वाढतात? पोलीस धाडी टाकतात तेव्हा. दारूविक्रेता स्वतःविरुद्ध तक्रार द्यायला जात नाही. म्हणजे दारूच्या गुन्ह्यांचा आकडा वाढला तर पोलीस जागे आहेत असा अर्थ निघू शकतो, आणि चोऱ्यांचा आकडा घसरला तर पोलीस लिहून घेत नाहीत असाही निघू शकतो. बेरजेत मात्र दोन्ही एकाच रकान्यात ‘एकूण गुन्हे’ म्हणून बसतात.

म्हणून आकडा वाढला की मी आधी बघतो, लोक बोलायला लागले का? दिल्लीत २०१२ साली बलात्काराचे ७०६ गुन्हे नोंदले गेले, २०१३ साली १,६३६. एका वर्षात दिल्लीतले पुरुष दुपटीने क्रूर झाले नव्हते. डिसेंबर २०१२ च्या त्या घटनेनंतर बायका ठाण्याची पायरी चढू लागल्या, कायद्याची व्याख्या रुंद झाली आणि नोंद न करणं पोलिसांना जड जाऊ लागलं. गुन्ह्यांच्या दरात केरळ उत्तर प्रदेशाच्या आणि बिहारच्या पुढे दिसतं तेही याच चष्म्यातून बघावं लागतं. केरळमध्ये राहणं बिहारपेक्षा धोक्याचं आहे असं कुणी त्यावरून म्हणत असेल तर त्याने एकदा दोन्हीकडे तक्रार देऊन बघावी.

इंग्लंडने यावर १९८२ पासून एक उपाय ठेवला आहे. पोलिसांना विचारण्याऐवजी थेट घरोघर जाऊन विचारतात, गेल्या वर्षात तुमच्या बाबतीत काय काय झालं? अमेरिकेत हे १९७३ पासून चालतं. दोन्हीकडे पहिल्यापासून दिसलं ते हे की, पोलिसांच्या वहीपेक्षा लोकांच्या घरात गुन्हे कितीतरी जास्त असतात. आपल्याकडे असं नियमित राष्ट्रीय सर्वेक्षण नाही. पण एका प्रश्नापुरतं तरी त्याच्या जवळचं काहीतरी आहे, आरोग्याचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांना विचारलं, तुम्ही कुणाकडे मदत मागितली का? फक्त १४ टक्के बायका ‘हो’ म्हणाल्या. त्यातल्याही बहुतेकींनी मागितली ती माहेरी. पोलिसांपर्यंत पोचणाऱ्या त्यातल्याही थोड्या.

आता आमच्या ग्रुपवर या. तिथे ‘बाहेरचे चार जण’ यांच्यावर किती व्हॉइस नोटा, आणि आपल्याच गल्लीत रात्री भिंतीपलीकडून जे ऐकू येतं त्यावर किती? मी एकही ऐकलेली नाही. तेलकट अंगाचा चोर आमच्यापैकी एकानेही पाहिलेला नाही. भिंतीपलीकडचा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकलेला आहे, आणि सगळ्यांनी टीव्ही मोठा केलेला आहे.

बाहेरचा चोर ही आमच्या भागाची फार जुनी सोय आहे. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांच्या हातात आला तेव्हापासूनच्या सरकारी कागदांत भिल्ल हा शब्द ‘लुटारू’ या शब्दाला जोडूनच येतो. १८२५ साली औट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली, भिल्लांनाच काबूत ठेवायला. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ ला उठला तर कागदावर तो दरोडेखोर. आज त्याची जयंती होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर पुढची पायरी गाठली, गुन्हा नोंदवायची गरजच संपली, जन्म नोंदवला की पुरे. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. कायदा गेला, पण रात्री पावणेबाराची व्हॉइस नोट त्याच भाषेत बोलते.

आपल्याच तालुक्याची गोष्ट बघा. १९७० च्या आसपास शहाद्यात बड्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षण सोसायट्या काढल्या, पगारी राखणदार ठेवले. कारण काय, तर शेतातून धान्य चोरीला जातं. जात असेलही. पण त्याच काळात त्याच शिवारातली आदिवासींची जमीन कर्जापोटी, गहाणापोटी, अंगठ्यापोटी हातातून जात होती. कणीस गेलं तर गुन्हा, शेत गेलं तर व्यवहार! मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला. मग अंबरसिंग सुरतवंतींसारखे कार्यकर्ते, १९७२ ची श्रमिक संघटना, मोर्चे, शिबिरं. शेवटी १९७४ साली महाराष्ट्राला आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा करावा लागला. म्हणजे सरकारने मान्य केलं की काहीतरी घेतलं गेलं होतं. ते कुठल्याही ठाण्याच्या कुठल्याही वर्षीच्या चोऱ्यांच्या बेरजेत नव्हतं. आणि याच चळवळीतल्या बायकांनी गावोगाव फिरून दारूचे माठ फोडले. त्यांना कुणाच्या घरात दारू आहे आणि कुणाच्या पाठीवर वळ आहेत, ते सरकारी तक्त्याशिवाय माहीत होतं.

हे सगळं मी एवढं ताणून का सांगतोय? कारण १ जुलै २०१८.

शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले होते, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशा मेसेजांनी तेव्हा सगळा मुलूख भरलेला होता. त्या पाच जणांना जमावाने धरलं, मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथे पुन्हा मारलं. पाचही जण गेले. त्यांच्यावर कुठलंही मूल पळवल्याचा गुन्हा नव्हता. त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेली मूल पळवण्याची एक क्लिप तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीतून कापलेली होती. जाहिरातीच्या शेवटी मूल परत आणून सोडतात, तो भाग कुणीतरी काढून टाकला होता.

त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलैला झुंडबळींबाबत निर्देश दिले. आणि आकडेवारीने काय केलं? एनसीआरबीने झुंडबळींची वेगळी माहिती मागवली होती, पण २०१७ सालचा अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये, बराच उशिरा, निघाला तेव्हा तो रकाना त्यात नव्हता. माहिती विश्वासार्ह नाही, असं कारण दिलं गेलं. तेव्हाच्या कायद्यात झुंडबळी हा वेगळा गुन्हाच नव्हता. राईनपाड्याचे पाच जण कागदावर पाच खून. अफवेने केलेला खून आणि बांधावरून झालेला खून एकाच रकान्यात. २०२४ साली लागू झालेल्या न्याय संहितेत झुंडीने केलेल्या खुनाचं स्वतंत्र पोटकलम आलं आहे, पण त्यातही अफवा हा शब्द नाही.

आमच्या सकाळच्या ‘विचारपूस’मध्ये आणि राईनपाड्यात फरक कशाचा होता? संस्काराचा म्हणणार असाल तर मी मानणार नाही, मी तिथे उभा होतो. म्हाताऱ्याने कार्डं काढायला उशीर केला असता, कुणीतरी त्याची कॉलर धरली असती, त्याच्या पोराने हातातला घण खाली ठेवला नसता, तर काय झालं असतं ते मी शपथेवर सांगू शकत नाही.

हे मी ग्रुपवर मांडलं तेव्हा एका जिभाऊंनी थेट विचारलं, ‘म्हणजे चोऱ्या होतच नाहीत म्हणायचं का तुला? माझी गाडी काय वाऱ्याने गेली?’ प्रश्न रास्त आहे. त्यांची गाडी खरंच गेली होती, दारातून, हँडल लॉक तोडून. चोऱ्या होतात. आणि मला चोरीची भीती खोटी वाटत नाही. कुलूप लावून मजुरीला गेलेलं घर तीन महिन्यांनी उघडल्यावर आत भांडं नसतं तेव्हा कसं वाटतं, ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणूनच म्हणतो, मोजा. पण सगळं मोजा.

मोजता येतं. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, एफआयआर नोंदल्यापासून चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायचा, संवेदनशील प्रकरणं सोडून. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘प्रसिद्ध एफआयआर’ असा भाग आहे, तिथे जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारीख निवडता येते. रील बघायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात तुमच्या ठाण्याचा आठवडा वाचून होतो. मी वाचायला लागलोय. तिथली भाषा रुक्ष असते, पण ‘अंगाला तेल लावलेले चार जण’ यापेक्षा ती फार सभ्य आहे. एनसी मात्र तिथे दिसत नाहीत. माहिती अधिकारात त्यांचा महिन्याचा नुसता आकडा मागता येतो, नावं नकोतच. पाच हजारांच्या आतल्या किती चोऱ्या एनसीत गेल्या, एवढा एक आकडा प्रत्येक ठाण्याने दारावरच्या फळ्यावर लिहावा, ही माझी मागणी आहे. आणि वरच्या साहेबांनी आकडा वाढला म्हणून ठाण्याला जाब विचारणं बंद करावं. जाब विचारायचाच तर आलेल्या माणसाला परत का पाठवलं, याचा विचारावा.

तुमच्या-माझ्या हातातलंही आहे. तक्रार द्यायला कुणी निघालं तर सोबत जा. दोन माणसं असली की ‘गहाळ लिहा’ म्हणायला समोरचा जरा थांबतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. दखलपात्र गुन्हा असून घेतलाच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पोस्टाने पाठवता येतं, तशी तरतूद नव्या कायद्यातही आहे. ऑनलाइन पैसे गेले तर लाजत बसू नका, १९३० ला फोन करा, आणि लवकर करा. त्या प्रकारात तास मोजले जातात. आमच्याकडे शिकलेली माणसंही ओटीपी दिला हे बायकोला सांगत नाहीत, पोलिसांना कुठून सांगणार?

मी आमच्या गल्लीपुरतं करून पाहिलं. ग्रुपवर लिहिलं, गेल्या वर्षभरात तुमचं काय काय गेलं ते मला कळवा, नाव कुणाला सांगणार नाही. एक-दोन दिवस कुणी बोललं नाही. मग येऊ लागलं. गाडी. गाडीतलं पेट्रोल. नळाची तोटी. शेतातली वायर, दोनदा. सिलेंडर. कॉलेजवरून येताना मुलीच्या अंगावर कुणीतरी टाकलेला हात, हे चोरीत बसत नाही पण लिहिते, असं म्हणून. लोन ॲपवाल्यांनी पाठवलेले घाण फोटो. यादी वहीच्या पानाला पुरली नाही. यातलं ठाण्यात काय गेलं म्हणून विचारलं तर मुख्यतः गाड्या. का, तर विम्याला एफआयआर लागतो. बाकीच्यांपैकी एका आजीबाईंनी अहिराणीत सांगितलं ते सगळ्यांचंच म्हणणं होतं, ‘रिपोट लिखीसन काय व्हई?’

आलेल्या माहितीत पालावरच्या माणसाचं नाव एकाही नोंदीसमोर कुणी लिहिलेलं नव्हतं. मी मुद्दाम विचारलं होतं, कुणावर संशय आहे का? बऱ्याच जणांना होता, आणि तो ओळखीतल्याच माणसावर होता. ते सांगून झाल्यावर प्रत्येकाने पुढे लिहिलं, हे कुठे लिहू नको.

आठवड्याने रात्री उशिरा एक खाजगी मेसेज आला. चार घरं सोडून राहणाऱ्या एका ताईंचा. आमचं बोलणं सणावारापुरतं. त्यांनी आधी काहीतरी लिहून पुसलेलं दिसत होतं. मग आलं, ‘भाऊ, मशीनच्या कामाचे साठवलेले पैसे होते माझे. घरातल्याच माणसाने नेले, मागितले तर हात उचलला. हे यादीत धरायचं का?’

मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. मग ‘धरायचं’ असं लिहिलं, आणि विचारलं की उद्या सकाळी ठाण्यात जायचं असेल तर मी आणि आई दोघं सोबत येतो. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर अजून आलेलं नाही.